खिडकीच्या या बाजूला

दिवाळीत मी घरी असलेली वर्षं मोजायची तर एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतात. तीन. त्यातलं एक वर्ष पायाला प्लास्टर होतं म्हणून. ३३ वर्षं एसटीत काढली आणि त्यातली शेवटची १९ वाहतूक नियंत्रक म्हणून. लोकांना सुट्टी लागली की आमच्या रजा बंद, हा आमच्याकडचा नियम. दिवाळी, गणपती, आषाढी, मे महिना. जादा गाड्या लावायच्या, फलाटावरची भांडणं सोडवायची आणि चौकशीच्या खिडकीत बसून एकाच प्रश्नाला दिवसातून चारशे वेळा उत्तर द्यायचं. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं वाटून ही (म्हणजे आमच्या सौ.) तयार, आणि मी पाचच्या पाळीला निघालेला. तिनं कधी भांडण केलं नाही. एवढंच म्हणायची, "सगळ्या गावाला घरी पोचवा, आणि मग तुम्ही या."

मुलीच्या बाळंतपणासाठी २०२४च्या शेवटी आम्ही अमेरिकेत गेलो होतो. ती राहते फ्लोरिडात, ओरलँडोपासून तासाभरावर. आमच्या लग्नाला त्याच महिन्यात ३५ वर्षं होत होती. तर जावयानं दोन तिकिटं हातात ठेवली. डिस्नी वर्ल्डमधली मॅजिक किंगडम ही करमणुकीची बाग, २७ डिसेंबर.

तारीख वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. नाताळचा आठवडा. तिथल्या वर्षातला सगळ्यात गर्दीचा काळ.

"बाबा, तुम्हाला गर्दीची सवय आहे," जावई म्हणाला.

"सवय आहे म्हणूनच नको म्हणतोय."

"मी जाणार," ही आतून म्हणाली. "तुम्हाला यायचं तर या."

विषय संपला. विहीणबाई चार दिवसांपूर्वीच आल्या होत्या, त्यामुळे बाळाकडे कोण बघणार ही सबबही उरली नव्हती.

तिकीट तारखेप्रमाणे बदलतं हे मला तिथे कळलं. आमच्याकडे हंगामी भाडेवाढ होते, तसंच. त्या दिवशीचं एका माणसाचं १८९ डॉलर, वर कर. दोघांचे ४०० डॉलरच्या वर गेले. मी रुपयांत करायला सुरुवात केली, तर मुलीनं फोन काढून घेतला. योगायोग असा, की त्या बागेच्या मधोमध जो सिंड्रेलाचा किल्ला आहे त्याची उंचीही १८९ फूटच. २०० फुटांच्या वर गेला असता तर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागला असता, म्हणून तेवढ्यावर थांबवलेला. म्हणजे फुटाला एक डॉलर, असं मी हिला सांगितलं. तिला विनोद आवडला नाही.

तिकिटापेक्षा मोठं प्रकरण म्हणजे लाइटनिंग लेन. हे वेगळे पैसे भरून घ्यायचं. तीन राइडसाठी आधीच वेळ ठरवून मिळते, त्या वेळेत गेलं की लहान रांगेतून आत. डिस्नीच्या हॉटेलात उतरलेल्यांना सात दिवस आधी नोंदणी करता येते, आमच्यासारख्या बाहेरच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला. २४ तारखेला पावणेसातपासून जावई फोन घेऊन बसला होता, तत्काळच्या तिकिटासाठी बसतात तसा. मला हा प्रकार मुळातच पटत नाही. देवळातली पासची रांग मला कधी पटली नाही, तर ही कशी पटणार? रांग म्हणजे रांग. पण जावयानं पैसे भरलेले, बोलायची सोय नव्हती.

२७ला सकाळी सातला त्यानं आम्हाला सोडलं. सोडलं ते किल्ल्यापाशी नाही, आणि इथेच माझं मत बदलायला सुरुवात झाली. मॅजिक किंगडमच्या दारात मोटारी जातच नाहीत. गाड्या लावायचं मैदान एकीकडे, बाग दुसरीकडे, आणि मध्ये सेव्हन सीज लगून नावाचं खोदून केलेलं तळं. या बाजूला एक स्थानक आहे. स्थानकच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. तिथून मोनोरेलनं जा नाहीतर मोठ्या बोटीनं जा. एका बोटीत ६०० माणसं बसतात. उभी राहतात, खरं तर. आमची गाडी ४४ आसनांची. म्हणजे एका फेरीत आमच्या १३ गाड्या भरून वर २८ माणसं, असा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला.

"आज सुट्टी आहे तुमची," ही म्हणाली.

त्याआधी सुरक्षा तपासणीत आमचा एक कार्यक्रम झाला. बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, हे मुलीनं चौकशी करून सांगितलं होतं. म्हणून हिनं पहाटे उठून दशम्या केल्या, बटाट्याची कोरडी भाजी केली आणि लिंबाचं लोणचं घेतलं. लोणचं काचेच्या बाटलीत. काच चालत नाही, हे तिनं ऐकलं होतं पण "इवलीशी तर बाटली आहे" म्हणून सोडून दिलं होतं. तपासणारी बाई सभ्य होती. तिनं बाटली दाखवून मान हलवली. मला वाटलं, टाकावी लागणार. हिनं बाजूच्या टेबलावर डबा उघडला, सगळं लोणचं दशम्यांवर ओतलं, पुसलं, डबा बंद केला आणि रिकामी बाटली त्या बाईच्या समोरच्या कचरापेटीत टाकली. दोन मिनिटांत. मागच्या रांगेतला एक माणूस टाळ्या वाजवत होता.

बोटीतून किल्ला आधी सुपारीएवढा दिसतो. मग वाढत जातो.

आत गेल्यावर पहिल्याच चौकात एका बाकावर एका माणसाचा पुतळा आहे, शेजारी मिनी उंदरीण. हा वॉल्ट डिस्नी नाही, त्याचा थोरला भाऊ रॉय. वॉल्ट १५ डिसेंबर १९६६ला गेला, तेव्हा इथे बांधकामही सुरू झालं नव्हतं. थोरल्यानं काम अंगावर घेतलं, १ ऑक्टोबर १९७१ला बाग उघडली, सगळ्या परिसराला भावाचं नाव दिलं, वॉल्ट डिस्नी वर्ल्ड, आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. जावयानं हे आदल्या रात्री सांगितलं होतं. हिनं पुतळ्याला नमस्कार केला. मी इकडेतिकडे बघितलं, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

त्याच चौकातल्या सिटी हॉलमध्ये एक बिल्ला फुकट मिळतो. वाढदिवसाचा, लग्नाच्या वाढदिवसाचा, जे असेल त्याचा. आम्ही लग्नाचा घेतला. आधी तिनं तो पर्समध्ये टाकला, मग माझ्या स्वेटरला लावला, मग दहा मिनिटांनी काढून स्वतःच्या ओढणीला लावला. त्यानंतर दिवसभर झाडूवाल्यापासून बोटवाल्यापर्यंत प्रत्येक कर्मचारी "हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी" म्हणत होता. ती प्रत्येकाला "थँक यू, थर्टी फाय" म्हणत होती. विचारत कोणी नव्हतं.

पहिली लाइटनिंग लेन जंगल क्रूझ या बोटीच्या सफरीची. नाताळात तिचं जिंगल क्रूझ करतात, जंगलाला नाताळची सजावट. लांबच लांब रांगेच्या शेजारून आम्ही सरळ पुढे चाललो. त्या रांगेत लहान मुलं खांद्यावर घेतलेले बाप होते, एक आजी घडीच्या खुर्चीवर बसली होती. ३३ वर्षांत मी कोणाला रांग मोडू दिली नाही, आमदाराच्या माणसालाही नाही, आणि इथे मी स्वतः बाजूनं पुढे चाललो होतो. मी जमिनीकडे बघत गेलो. ही मात्र सगळ्यांकडे बघून हसत होती.

दोन्ही रांगा जिथे एकत्र येतात तिथे एक पोरगी उभी होती. पैसेवाल्यांच्या रांगेतली बरीच माणसं सोडायची, मग साध्या रांगेतली थोडी, मग पुन्हा बरीच. मी तिथे थबकलो. तिचं काम मला माहीत होतं. त्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाकडे दोन्ही रांगा शत्रू म्हणून बघतात. ती मात्र हसत होती, आणि बोटं मोजत होती, अंगठ्यानं पेरांवर, आपल्याकडे मोजतात तशी.

बोट चालवणारा पोरगा अखंड विनोद करतो. इंग्रजीतले शब्दांचे खेळ, आम्हाला दहातला एक कळला. सुकाणू तो जोरजोरात फिरवतो, पण बोट पाण्याखालच्या मार्गिकेवरून जाते. म्हणजे ड्रायव्हर-कम-कंडक्टर, आणि ड्रायव्हरचं काम दाखवण्यापुरतं. एका वळणावर हत्ती आंघोळ करतात, यांत्रिक. भारतीय हत्ती आहेत असं सांगितलं. हिनं ओळख पटल्यासारखी मान हलवली.

दुसरी हाँटेड मॅन्शन, भुताचा वाडा. भुतांबद्दल मला सांगता येणार नाही, कारण मी निम्मा वेळ खाली बघत होतो. वाड्यात फिरायला दोन-दोन जणांच्या काळ्या पाळणेवजा गाड्या आहेत, आणि त्या थांबतच नाहीत. एकमेकींना जोडलेली सलग माळ. बसायच्या जागी जमीनच गाडीच्या वेगानं सरकते, तुम्ही सरकत्या जमिनीवर पाय ठेवायचा आणि बसायचं. एसटीचा वेळ रस्त्यावर जात नाही, थांब्यावर जातो, हे मी नवीन आलेल्या प्रत्येक पोराला सांगत असे. दार उघडायचं, उतरणाऱ्यानं पिशवी विसरायची, चढणाऱ्यानं सुटे नाहीत म्हणायचं. इथे थांबाच काढून टाकलाय. आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन होते, तर त्यांच्यासाठी ती अख्खी माळ हळू केली. आतल्या सगळ्या भुतांनाही वाट बघावी लागली असणार.

"कसं होतं?" बाहेर आल्यावर हिनं विचारलं.

"फार चांगली व्यवस्था."

"अहो, भुतं!"

दुपारी गर्दी अशी झाली की पीटर पॅन या राइडच्या फलकावर रांगेचा वेळ ११० मिनिटं लिहिलेला दिसला. मला वाटलं होतं आता ही म्हणेल चला परत. पण दशम्या खाऊन तिच्यात जोर आला होता. (लोणचं मुरलेलं होतं आणि दशम्यांत आणखी मुरलं. पुढच्या वेळी मुद्दाम तसंच करणार म्हणते.) वर अननसाचं डोल व्हिप खाल्लं, आइस्क्रीमसारखं, पण दुधाशिवाय. पाणी विकत घ्यायचं नाही, खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात, हे ज्यांना जायचंय त्यांनी लक्षात ठेवा.

फुकट पाण्याच्या पाठोपाठ मी कमी गर्दीच्या जागा शोधल्या. पीपलमूव्हर नावाची एक उन्नत गाडी आहे. डब्यात इंजिन नाही, मार्गातल्या विजेच्या मोटरा तिला पुढे ढकलतात. रांग होती, पण सरकती. दहा मिनिटं गाडी बागेच्या डोक्यावरून फिरवते, मध्येच स्पेस माउंटन या बंदिस्त रोलरकोस्टरच्या पोटातून जाते. आत पूर्ण काळोख आणि वरून किंकाळ्या. त्या राइडचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या लाल गाडीपेक्षा कमी. अंधारात मात्र जीव जातोय असं वाटतं. ही माझा हात धरून बसली आणि उजेड आल्यावर सोडला.

आणि मग ज्या ठिकाणी आम्ही फक्त पाय दुखले म्हणून गेलो, तिथे दिवसातला सगळ्यात चांगला वेळ गेला. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं यंत्रबाहुल्यांचं नाटक, १९७५पासून इथे आहे. बसायला खुर्ची, गार हवा, वीसेक मिनिटं कोणी उठवत नाही. गंमत म्हणजे रंगमंच जागचा हलत नाही, प्रेक्षकच फिरतात. सहा प्रेक्षागृहांचं एक कडं मधल्या रंगमंचांभोवती टप्प्याटप्प्यानं सरकतं. म्हणजे इथेही रांग पुढे नेलीच, फक्त खुर्चीसकट.

एकच कुटुंब चार काळांत दाखवलंय. पहिल्या तिन्हींत बाप खुर्चीत बसून आपल्याशी बोलतो, बघा आता काय काय यंत्रं आली म्हणून. पहिल्या काळात बायको इस्त्री करते. दुसऱ्यात शिवते. तिसऱ्यात भिंतीला कागद चिकटवते. ही माझ्याकडे वळून वळून बघत होती. चौथा देखावा नाताळचा. तिथे मात्र बायको कॉम्प्युटर घेऊन निवांत बसली आहे आणि स्वयंपाक बापाकडे. आजी खेळ खेळतेय, तिचे गुण घरचे मोठ्यानं सांगतात, आणि बोलण्यावर चालणाऱ्या ओव्हनला वाटतं तापमानच सांगितलं. नाताळचं जेवण जळून कोळसा. ही इतकी हसली की पुढच्या ओळीतल्या बाईनं मागे वळून बघितलं.

"सणाच्या दिवशी घरी असला तर हे असं," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही ड्युटीवर होतात तेच बरं होतं."

मला ते लागलं की बरं वाटलं, अजून ठरलेलं नाही.

संध्याकाळी सहालाच अंधार पडला. स्वेटर पुरेना एवढी थंडी झाली. मिरवणूक बघायची तर मेन स्ट्रीटच्या कडेला तासभर आधी जागा धरून बसावं लागतं. एरवी ही नाताळची मिरवणूक रात्रीच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्टीत असते, शेवटच्या आठवड्यात मात्र सगळ्यांसाठी. मी पाणी आणायला गेलो. परत येऊन बघतो तर हिनं फुटपाथच्या कडेला शाल पसरून चार माणसांची जागा अडवली होती. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना मी आयुष्यभर खाली उतरवलं, आणि माझी बायको परदेशात शाल टाकून बसली होती.

"उचल ती."

"का? सगळ्यांनी टाकल्यात."

खरंच टाकल्या होत्या. चादरी, पोंचू, बाबागाड्या. मी बसलो. मग तिनं आपणहून शाल निम्मी केली आणि शेजारच्या मेक्सिकन कुटुंबाच्या दोन पोरींना बसवून घेतलं. एकमेकींची भाषा कोणाला येत नव्हती. चिवडा सगळ्यांना कळला.

मिरवणुकीचं वर्णन करत नाही, छायाचित्रं भरपूर मिळतील. खेळण्यातले सैनिक ताठ चालतात ते मला आवडलं, शेवटी सांताक्लॉज येतो. पण मध्येच वरून बर्फ पडायला लागला. फ्लोरिडात सहसा बर्फ पडत नाही, हा साबणाचा फेस. माहीत होतं. तरी सगळा रस्ता वर बघत होता. हिनं तळहात पुढे केला, त्यावर एक पांढरा ठिपका बसला, विरघळला. तिनं हात नाकाशी नेला.

"साबणच आहे," ती म्हणाली, आणि दुसरा हातही पुढे केला.

आतषबाजी संपली आणि मला ज्याची दिवसभर धास्ती होती ते झालं. सगळी गर्दी एकाच वेळी एकाच रस्त्यानं निघाली. अशा वेळी काय होतं ते मी बघितलंय. मी हिचं मनगट घट्ट धरलं. पण हातात प्रकाशकांड्या घेतलेली पोरं जागोजागी उभी राहिली, जाणाऱ्यांची एक बाजू, येणाऱ्यांची दुसरी. दुकानांच्या मागून जाणारा एक रस्ता उघडला, एरवी बंद असतो तो. अर्धी गर्दी तिकडे वळली आणि दाब कमी झालेला मला पावलांत कळला. या बागेच्या खाली आणखी एक मजला आहे, कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याचा. तळं खोदताना निघालेली माती टाकून जमीन वर उचलली आणि तो मजला झाकला गेला. म्हणजे आपण दिवसभर दुसऱ्या मजल्यावर चालत असतो. आणि आगार आपल्या पायाखाली.

धक्क्यावर बोटीची रांग सोडणारा एक पोरगा होता, विशीतला. आवाज पूर्ण बसलेला. तो आवाज मला ओळखीचा वाटला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री माझा असाच असायचा. हिचा बिल्ला बघून तोही घोगऱ्या आवाजात म्हणाला, हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, ड्युटी कधी सुटणार? दोनला, म्हणाला. मी त्याच्याशी हात मिळवला. आणखी काय म्हणायचं ते सुचलं नाही, आणि मागून रांग येत होती.

बोटीत कठड्याशी जागा मिळाली. किल्ला लहान होत होता.

"दोनला सुटणार म्हणजे घरी तीन," ही म्हणाली. "जेवण झाकून ठेवलं असेल बायकोनं."

"लग्न झालेलं दिसत नव्हतं."

"मग आईनं."

मी घड्याळ बघितलं. बोट सुटली होती अकरा चाळीसला. कुठे लिहायचं नव्हतं, तरी लक्षात राहिलं.